धारणखेडच्या वेशीवरचं आतलं तोंड

धारणखेडची वेस बघायला येणारे लोक आधी चुकीच्या बाजूनं शिरतात. डांबरी रस्ता वेशीला वळसा घालून गावात जातो. तटाचा दगड लोकांनी घरं बांधायला कधीच उचलून नेला, त्यामुळं कमान तेवढी एकटी उभी आहे, आजूबाजूला भिंत नाही, काही नाही. लोक रस्त्यानं आत येतात, फोटो काढतात आणि मग विचारतात, देव कुठं आहे? देव तिथंच आहे. कमानीखाली उभं राहावं लागतं. उजव्या खांबातून, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, दगडाचं एक डोकं बाहेर काढलेलं आहे. धड नाही, हातपाय नाहीत. तोंडं मात्र दोन. एक ओढ्याकडं बघतं, एक गावाकडं. त्याला दारोबा म्हणतात.

दुतोंडी म्हणायचं नाही. सहलीची पोरं म्हणतात आणि खिदळतात, त्यांच्याबरोबरचे मास्तरही हसतात. हसू देत. गोष्ट ऐकायला थांबलं तर हसू आपोआप जातं.

बाहेरचं तोंड जुनं. किती जुनं ते कुणालाच सांगता येत नाही. मिशा पिळदार, डोळे बटबटीत, ओठ घट्ट मिटलेले, आणि शेंदराचा थर असा की आता नाक कुठं संपतं ते कळत नाही. आतलं तोंड मागून आलं, म्हणजे तेही आठ-नऊ पिढ्यांपूर्वी. त्याला शेंदूर लावत नाहीत. मिशी नाही. छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात. तोंड उघडं आहे, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक. गावातल्या जुन्या घरांच्या गणेशपट्ट्यांवरही हा देव कोरलेला सापडेल. कुंभाराच्या घरी आहे, चावडीवर आहे. सुतारांना एका लाकडात दोन तोंडं जमली नाहीत, म्हणून त्यांनी पाठीला पाठ लावून दोन माणसं काढली. ती नवराबायको भांडून बसल्यासारखी दिसतात.

एकदा पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. इटली देशात, रोमचं राज्य व्हायच्या आधी, एत्रुस्कन नावाचे लोक होते म्हणे. त्यांचाही दारांचा देव होता, कुल्सान्स. दीड वीत उंचीचा, काशाचा, अंगावर धड कपडा नाही पण पायात बूट आणि डोक्याला टोपी, तरणाताठा, मिशी नाही, आणि तोंडं दोन. एका गावाच्या वेशीपाशी जमिनीत पुरलेला सापडला. सरांना तो तिकडून इकडं आला की काय असं वाटत होतं. एवढं लांब कशाला यायचं त्यानं? दार काय धारणखेडलाच असतं? तिकडंही कुणीतरी दारात उभं राहून कात्रीत सापडलं असेल. त्यांच्या देवाला दुसरं तोंड कशापायी आलं ते सांगणारं आता कुणी उरलं नाही म्हणाले. इथं उरलं आहे. ते असं सांगतात.

त्या वेळी गावाला चहूबाजूंनी तट होता आणि आत यायला ही एकच वेस. तिला सागवानी दोन फळ्यांचं दार होतं, आणि त्या दारात एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. कमानीच्या आत दोन्ही अंगांना देवड्या होत्या, म्हणजे पहारेकऱ्याला बसायचे दगडी कोनाडे. डाव्या देवडीत सटवा नाईक राहायचा. जातीचा रामोशी, वय पन्नाशीपुढचं. पोर असताना गोफणीचा खडा लागून त्याचा एक डोळा बारीक झाला होता. बायको मागंच गेली होती. एकुलती एक लेक म्हाळू, ती सहा कोसांवर लोणगव्हाणला दिली होती.

वेशीचा रिवाज ठरलेला होता. बाहेरून येणाऱ्यानं दारोबावर हात ठेवायचा. सटवानं त्याला तीन प्रश्न विचारायचे. कुठून आलास? वाटेत कुठं रोगराई लागली का? कुणाकडं निघालास? तीन उत्तरं झाली की पाहुण्यानं एकच प्रश्न विचारायचा, "आत खुशाली?" मग सटवानं देवावर हात ठेवून म्हणायचं, "खुशाली." त्यानंतर वाट मोकळी. खरं म्हणजे तो शेवटचा प्रश्न नावापुरता होता. पाहुणा विचारेपर्यंत सटवाचं उत्तर देऊन झालेलं असायचं. गावाचं म्हणणं सरळ होतं. चोर बाहेरून येतो, मरी बाहेरून येते, देवाचं तोंडही बाहेर. आत काय असणार आहे? आत आपणच.

एका वैशाखात गावातली बारव पार तळाला गेली. पाणी हिरवट झालं, पायऱ्यांवर शेवाळ वाळून त्याचे पोपडे उडायला लागले. आणि साळी आळीत एका माणसाला सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. दुपारी तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याची भावजय गेली आणि शेजारचा एक म्हातारा. तेव्हा पटकी म्हणायचे, आता डॉक्टर कॉलरा म्हणतात. माणूस सकाळी धडधाकट असायचा आणि दिवे लागायच्या आत त्याचे डोळे खोल गेलेले असायचे.

त्याच हप्त्यात हैबतराव पाटलाच्या सगुणाचं लग्न होतं. पाटील माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. पोरीचं एक जमलेलं लग्न आधी मोडलं होतं. तो नवरदेव साप चावून मेला आणि लोकांनी पोरीच्या पायगुणाला बोल लावला. त्यानंतर तीन वर्षं कुणी दारात उभं राहिलं नाही. शेवटी लोणगव्हाणच्या निंबाजी पाटलानं आपल्या मुलासाठी तिला मागितली. पाच दिवसांवर मुहूर्त होता. तो हुकला तर पुढचा तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर कोण कशाला थांबतं?

पाटील भर दुपारी देवडीपाशी आला. एकटाच.

"नाईक, साळ्याच्यात काय झालंय त्ये तुला दिसलं असंल."

"दिसलं, पाटील."

"आंबलेली आंबील प्याले त्ये. समजलं?"

सटवानं साळी आळीकडं बघितलं.

"पाच दिस," पाटील म्हणाला. "पाच दिस निस्तं खुशाली म्हण. रोजच म्हणतुयास की. जास्तीचं काय मागतोय मी तुज्याकडं?"

खरंच, जास्तीचं काहीच नव्हतं. एकच शब्द, रोजचाच. सटवानं मान हलवली.

पाटलाची ताकीद होती की कुणी रडून गलका करायचा नाही. पहाट फुटली की साळी आळीतून माणसं चादरीत गुंडाळलेलं ओझं घेऊन यायची, सटवा दिंडी उघडायचा, ती वाकून बाहेर जायची. कुणी हुंदका काढला तर बाकीचे त्याच्या तोंडावर हात ठेवायचे. ओझी मोजायची नाहीत असं सटवा स्वतःला बजावायचा, पण मोजणी आपोआप होत होती. तीन. मग पाच. त्यानं पाणी पिताना तांब्यात बघायला सुरुवात केली. काय दिसणार? पाणीच.

दुसऱ्या दिवशी एक कासारीण आली. बाजारगावाहून बोलावलेली, नवरीला आणि मांडवातल्या बायकांना चुडे भरायला. डोक्यावर एकावर एक दोन टोपल्या, घामानं डबडबलेली, पण बोलकी. तिनं देवावर हात ठेवला, तिन्ही उत्तरं दिली आणि विचारलं, "खुशाली न्हवं बाबा आत?"

"खुशाली," सटवा म्हणाला.

"हात केवढा दांडगा की नाईक तुमचा! ह्या हातात बांगडी भरायची म्हंजी माजा दिवस जायचा." ती हसली, एक टोपली देवडीत ठेवली. "ही ऱ्हाऊ द्या हितं, पहिली संपली की न्हेते." आणि गेली. जाताना तिनं वळून विचारलं, "बारव कोणीकडं? घसा पार कोरडा पडलाय."

सटवानं हात केला. तो हात नंतर त्यानं कितीदा तरी आठवला असेल.

तिसरा दिवस कसाबसा गेला. चौथ्या दिवशी पहाटे जे ओझं आलं त्यातून एक हात खाली लोंबत होता. मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत. नेणाऱ्यांतल्या एकानं तो चादरीखाली ढकलला, तर बांगड्या वाजल्या. सटवा म्हणाला, "तिच्या घरी कळवाया होवं." ते म्हणाले, "कुठं कळवायचं? नाव कुणाला ठावं हाय?" आणि वाकून निघून गेले. दुसरी टोपली देवडीत तशीच होती.

आणि वऱ्हाडाबरोबर म्हाळू येणार होती. तिचा नवरा धोंडी वऱ्हाडाच्या राखणीला होता, तिला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे लग्न आटपून ती परत जाणार नव्हती. इथंच राहणार, इथलंच पाणी पिणार.

सटवाला काही सुचेना. खरं कळवावं तर ते तासाभरात निंबाजी पाटलाच्या कानावर जाणार, लग्न मोडणार, पोरगी जन्माची घरात बसणार, आणि त्यानं पाटलासमोर मान हलवलेली. न कळवावं तर लेक येते. ओढ्यावर एक धनगर मेंढरांना पाणी पाजायला थांबला होता, तो लोणगव्हाणच्याच वाटेनं निघाला होता. सटवानं त्याला लांबूनच हाक मारली.

"माज्या म्हाळूला सांग, येऊ नगंस म्हणावं."

"का म्हणून सांगू?"

सटवा अडखळला. "तुजा बा लई आजारी हाय म्हणावं. हितं कोण तुजं करणार? सासरीच ऱ्हा म्हणावं."

धनगरानं त्याला खालून वर न्याहाळलं. "तू तर बैलावानी उभा हायेस."

"सांग रं तेवढं!"

ज्याला लेक आहे त्यानं असा निरोप कधी धाडू नये. बाप आजारी म्हटल्यावर कुठली लेक घरी बसेल? पण माणूस भेदरला की त्याला जवळचं दिसत नाही. सटवाला वाटलं, झालं, वाचलं पोर. त्या दिवशी चार दिवसांत पहिल्यांदा तो भाकरी जेवला.

पाचव्या दिवशी उन्हं कलती झाली तेव्हा ओढ्यापलीकडून हलगी ऐकू आली. वेशीच्या आत पाटील मंदील बांधून उभा होता. नवीन लुगडी नेसलेल्या बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या, सनईवाले तयार होते. त्या बायकांतली एक मधूनच भिंतीला टेकत होती, आणि दुसरी तिला कोपरानं सरळ करत होती. सटवा देवापाशी उभा राहून वऱ्हाडाकडं बघत होता. गाड्या दिसल्या, घोडा दिसला, म्हाताऱ्याकोताऱ्या, लहान पोरं. सत्तरेक माणूस. तो आपल्या चांगल्या डोळ्यानं एकच गोष्ट शोधत होता आणि ती दिसू नये म्हणून देवाला विनवत होता.

ती सगळ्यांच्या पुढं होती. हलगीवाल्यांच्याही पुढं. एका हातानं पोट सावरत, पदर खोचून, जवळजवळ पळतच येत होती. मागून धोंडी "अगं दमानं, दमानं!" म्हणत होता. वेशीत आली, बापाला पाहिलं आणि थबकली.

"आबा! तुमी तर ठणठणीत हायसा!"

सटवानं काठी पाठीमागं घेतली.

"कालधरनं घास न्हाई गेला माज्या पोटात. आन् तुमी हितं काठी घिऊन उभं? खोटा निरोप कशापायी धाडला?"

"म्हाळू, माघारी जा," सटवा हळूच म्हणाला. "कुणाला काय सांगू नगं. पोट दुखतंय म्हण आन् माघारी जा."

म्हाळूनं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून आत बघितलं, त्या आरत्यांकडं, त्या भिंतीला टेकलेल्या बाईकडं. तोवर वऱ्हाड मागं येऊन ठेपलं होतं. निंबाजी पाटील घोड्याच्या बाजूनं पुढं आला, हलगी थांबली, आणि आता कुणीतरी देवावर हात ठेवून रीतीचं बोलणार म्हणून सगळे गप्प झाले.

गावच्या लेकीला वेशीवर कधी प्रश्न विचारत नसत आणि लेकही कधी विचारत नसे. माहेरच्या दारात कसले प्रश्न? पण म्हाळूनं हात उचलला आणि दारोबाच्या मिशांवर ठेवला. तिचा आवाज चांगला मोठा होता. मागच्या गाडीपर्यंत गेला.

"लोणगव्हाणहून आले. वाटंत काय न्हाई. बापाकडं निघाले. आबा, आत खुशाली?"

सटवानं सवयीनं हात उचलला. तो दगडाजवळ गेला आणि तिथंच थांबला. तोंड उघडलं. शब्द आला नाही.

असं सांगतात की तो किती वेळ तसा उभा होता ते कुणालाच कळलं नाही. हात अधांतरी, तोंड उघडं. एका गाडीचा बैल मान हलवत होता, त्याच्या घुंगरांचा तेवढा आवाज. आतून पाटील म्हणाला, "बोल की नाईक." मग जरा मोठ्यानं, "अरं खुशाली म्हण की! पाव्हणं उनात उभं हायेत!" आणि म्हाळूनं, बापाला काय झालं म्हणून असेल, एक पाऊल पुढं टाकलं. उंबऱ्यावर.

तेव्हा आवाज फुटला.

"थांब! आत मरण हाय!"

आणि मग थांबता थांबेना. साळी आळीत सहा गेले. माळ्याच्यात दोन. एक कासारीण होती, तिला मीच आत सोडली. बारवचं पाणी पिऊ नगा. आत येऊ नगा. मी चार दिस झाले खोटं बोलतुया, देवावर हात ठिवून खोटं बोलतुया.

वऱ्हाड एकदम मागं हटलं. बायांनी पोरं ओढून घेतली. निंबाजी पाटील मात्र जागचा हलला नाही. तो हैबतरावाकडं बघत राहिला.

"पाटील," तो म्हणाला, "माजी ऐंशी वर्साची आई हाय त्या गाडीत. तान्ही पोरं हायेत. आन् तुमी आरत्या घिऊन उभं ऱ्हायलाव."

हैबतराव म्हणाला, "सरबत तरी घ्या." असं म्हणाला म्हणतात. माणूस गोंधळला की काहीही बोलतो.

वऱ्हाड वळलं. म्हाळू वळेना. "मंग तुमी बी भाईर या," ती म्हणाली. "आबा, चला. असंच चला."

"मी आतलं पाणी प्यालोय, बाई."

"मी करीन तुमचं."

"म्हणूनच न्हाई येत."

ती पुढं यायला लागली तसं सटवानं दाराच्या दोन्ही फळ्या ओढल्या आणि आतून अडसर घातला. त्याच्या जन्मात त्यानं भर उजेडात ते दार पहिल्यांदा बंद केलं. पलीकडून तिनं फळीवर थापा मारल्या, नावं ठेवली, मग रडली, मग नुसती बसून राहिली. शेवटी धोंडीनं तिला हाताला धरून उठवलं. सटवा फळीला कान लावून होता. तिची पावलं ओढ्यापलीकडं गेली तेव्हा त्यानं कान काढला आणि मागं वळला. मागं अख्खं गाव उभं होतं.

पाटलानं त्याची काठी काढून घेतली. "लई खरं बोलायचं हाय न्हवं तुला? जा मंग साळ्याच्यात. पाणी पाज त्येंना." सटवा गेला. तिथं त्यानं काय केलं ते सांगायला फारसं कुणी उरलं नाही. एवढं सांगतात की तो बारवेवर जात नसे, दिंडीतून ओढ्यावर जाऊन झऱ्याचं पाणी आणत असे, आणि दारोदार उभा राहून आधी विचारत असे, आत किती जण जिते आहेत? अकराव्या दिवशी तो स्वतः पडला, तो पुन्हा उठला नाही. त्याला पाणी पाजायला सगुणा गेली म्हणे, अंगाला हळद तशीच असताना. हे खरं की मागून जोडलेलं, देव जाणे. पटकी ओसरली तेव्हा एकेचाळीस माणसं गेली होती. त्यात पाटलाची आईही होती.

रोग गेला, पण गावाचं काही खरं राहिलं नाही. मीठवाला ओढ्यापलीकडूनच ओरडायचा, खुशाली का? इकडून कुणी हो म्हटलं तरी तो पुढं पाऊल टाकायचा नाही. तो मीठ खडकावर ठेवून जायचा. लेकी दिवाळीला माहेरी आल्या नाहीत. कुणी सोयरीक करेना. पंचक्रोशीत कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, ही धारणखेडची खुशाली. गावानं नवा राखणदार नेमला, त्यानं हात ठेवून, शपथ घालून सांगितलं, तरी कुणी ऐकेना. कसं ऐकतील? त्यांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला असता तो एकच माणूस होता, आणि त्याला गावानंच साळी आळीत धाडला होता.

माघात निंबाजी पाटलाचा निरोप आला. शब्द मोडलेला नाही. मुलगी चांगली आहे, असं कानावर आलंय. पण वऱ्हाड घेऊन आलो तर वेशीवर असं उत्तर मिळायला हवं की आम्हाला ते पटेल. ते कसं द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

हैबतराव दोन दिवस वाड्याबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं रावजी पाथरवटाला बोलावलं आणि म्हणाला, देवाचं तोंड गावाकडं फिरव. रावजीनं दगड बघितला. तो म्हणाला, "फिरिवला तर भाईर कोण बघणार? पर मागल्या अंगाला दगड हाय अजून. दुसरं तोंड निघंल." पाटील म्हणाला, काढ. रावजीनं विचारलं, कुणाचं काढू? पाटील डाव्या देवडीकडं वळला. मग म्हणाला, "तू बी हुतास की त्या दिवशी हितं. जसं दिसलं तसं काढ."

म्हणून त्या तोंडाला मिशी नाही, म्हणून ते उघडं. काम चालू असताना म्हाळू एकदा वेशीपर्यंत आली होती, काखेत पोर घेऊन. मुलगाच झाला होता, ठणठणीत. तिला लोकांनी हाका मारल्या, पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पाय बाहेरच ठेवून, आत वाकून तिनं त्या नव्या तोंडाकडं टक लावून बघितलं.

"डावा डोळा मोठा झालाय," ती म्हणाली. "आबांचा बारीक हुता."

"दगड काढता येतो बाई, लावता येत न्हाई," रावजी म्हणाला. मग त्यानं पापणी खाली ओढल्यासारखे चार घाव घातले. आज दिसतो तो डोळा तसा झाला.

फाल्गुनात वऱ्हाड आलं. या वेळी हलगी नव्हती. ओढ्यापाशी सगळे थांबले आणि निंबाजी पाटील तेवढा वेशीपर्यंत आला. त्यानं बाहेरच्या तोंडावर हात ठेवून आपलं सांगितलं: वाटेत एका वस्तीला गोवर आहे, आमच्यातलं कुणी तिथं थांबलं नाही, एका गाडीवानाला कालपासून खोकला आहे. मग विचारलं, "आत खुशाली?"

हैबतराव पुढं आला. त्यानं आतल्या तोंडावर हात ठेवला. लोकांना वाटलं तो एक शब्द बोलेल. त्यानं एकेक आळी घेतली, एकेक घर घेतलं. वैशाखात कोण कुठल्या घरात गेलं, पहिल्यापासून, नावानिशी. मधे त्याच्या आईचं नाव आलं, तेही त्यानं घेतलं. सटवा नाईकाचं नाव घेतलं आणि म्हणाला, त्येला मी धाडला. मग आजचं सांगितलं. बारव उपसली आहे. कुंभाराच्या घरी एक पोर तापानं आहे, पटकी नाही, पण ताप आहे. दोन भावांचं बांधावरून भांडण आहे, मांडवात आवाज झाला तर तो त्यांचा. एवढं सांगून त्यानं हात काढला नाही.

"चाळीस झाली," निंबाजी म्हणाला. त्यानं मोजली होती. "एकेचाळीस ऐकली हुती आमी."

"एक कासारीण हुती," पाटील म्हणाला. "तिचं नाव ठावं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई तिला."

निंबाजीनं वळून ओढ्याकडं हात केला आणि गाड्या हलल्या.

सगुणाच्या हातातला चुडा त्या देवडीतल्या टोपलीतला होता असंही कुणी सांगतात. आणि आत खोटं बोललं की त्या तोंडाला घाम सुटतो असंही सांगतात. घामाचं काही खरं नाही. उन्हाळ्यात सकाळी सगळाच दगड ओला होतो.

दाराच्या फळ्या पुढं सरकारात जमा झाल्या की सरपणात गेल्या, कळायला मार्ग नाही. पण आजही धारणखेडात कुणाच्या घरी गेलात तर घरधनी आधी "या, बसा" म्हणणार नाही. बाहेरगावच्या सोयऱ्यांना त्याचा राग येतो; येऊ दे. घरधनी उंबऱ्यावर आडवा उभा राहतो आणि आत काय आहे ते सांगतो. म्हातारी आजारी आहे, सून रुसली आहे, आज घरात काही शिजलेलं नाही, जे असेल ते. मग पाहुण्यानं आपलं सांगायचं. मग नाव विचारायचं, पूर्ण नाव, मग तो पाव किलो भाजी विकायला आलेला असो नाहीतर कलेक्टर. त्यानंतर पाणी.

तर आता ऐका. वरच्या आळीत दोन घरांत जुलाबाची साथ आहे, परवापासून. डॉक्टर येऊन गेला, कसली ते अजून सांगितलं नाही. नळाचं पाणी पिऊ नका, बाटली असेल तर तीच काढा. शाळेपाशी एक कुत्रं पिसाळलंय, पोरं जवळ धरा. हे ऐकून माघारी जायचं असेल तर खुशाल जा, कुणी नावं ठेवणार नाही.

यायचं असेल तर त्या बाहेरच्या तोंडावर हात ठेवा. कुठून आलात? वाटेत कुठं थांबलात? आणि तुमचं नाव काय?